पक्ष्यांच्या तांदळाचा भाव

माझी आत्या लग्न करून वर्षभर सासरी राहिली आणि एके दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन सरळ माहेरी परत आली. आजोबांनी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "पटलं नाही." त्यापुढे तिने कधी कुणाला एक शब्द जास्त सांगितला नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर "पटलं नाही म्हटलं ना!" म्हणायची आणि हातातलं काम पुढे रेटायची. गावाने शेवटी तिचं नावच 'नाहीबाई' पाडलं. तिला ते माहीत होतं, आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

आजोबा गेल्यावर जमिनीची वाटणी झाली. बांधालगतची वरची शेतं बाबांकडे आली आणि आत्याला मिळाला अगदी खालचा, खोलगट तुकडा. वर्षातले निम्मे महिने तिथे शेत कुठलं नि तळं कुठलं, कळायचं नाही. लोक चुकचुकले. आत्या मात्र हसून म्हणायची, "लोक एकमेकांना पाण्यात पाहतात. माझ्या भावाने मला पाण्यातच ठेवलं." बाबांना ते लागायचं, पण शेतांची अदलाबदल काही त्यांनी केली नाही.

आमचं गाव पाणथळीच्या काठावर आहे. म्हणजे काठ असा नाहीच. घरं उंचवट्यावर, बाकी सगळीकडे पाणी, लव्हाळं आणि मध्येमध्ये भाताची शेतं. माझ्या लहानपणी पाणी उपसायचे पंप दिवसभर धडधडायचे. मग सरकारने ती सगळी पाणथळ पक्ष्यांसाठी राखीव केली. शेती बंद केली नाही, पण नियम आले. पंप लावायचा नाही. कीड मारायला विष फवारायचं नाही. पाणकोंबड्या आणि बदकं शेतातल्या गवतात घरटी करतात, म्हणून पिल्लं बाहेर पडेपर्यंत लावणीआधीच्या चिखलणीला शेतात उतरायचं नाही. बदल्यात वर्षाला थोडी भरपाई. ती इतकी थोडी, की आणायला जाण्याचं गाडीभाडं वजा केलं तर चहापुरते उरायचे.

पंप बंद झाले आणि सगळ्यांचीच शेतं आत्याच्या शेतासारखी झाली. पीक घटलं. काही घरांनी शेती सोडली, शहराची वाट धरली. जे उरले त्यांचं एकच गणित होतं: भात पिकवायचं आणि गिरणीला घालायचं. गिरणी एकच, भाव एकच, आणि तो सांगणारा माणूसही एकच. गिरणीमालक. गोड बोलायचा, चहा पाजायचा आणि भातात हात घालून म्हणायचा, "ओल आहे हो." की झाली कपात.

या सगळ्यात आत्याचा एक डोळा अधू झाला. मोतीबिंदू होता. मी तेव्हा शहरातल्या एका दवाखान्यात परिचारिका होते, म्हणून ऑपरेशनसाठी तिला माझ्याकडे आणलं. पट्टी निघाल्यावर काळा चष्मा लावून ती दोन-तीन दिवस माझ्या खोलीत बसली आणि मग कंटाळली. "कुठेतरी ने मला. डोळा नवा घातलाय, त्याला काहीतरी दाखवायला नको?"

मी तिला एका मोठ्या दुकानात नेलं. काचेची दारं, थंडगार हवा, भिंतभर फळ्यांवर किराणा. आत्या साबणाच्या वासापाशी रेंगाळली, बिस्किटांना नावं ठेवली आणि तांदळाच्या फळीसमोर येऊन थांबली. तिथून हलेना. मी जवळ गेले. एका देखण्या कागदी पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पक्ष्यांचा तांदूळ'. खाली आमच्या पाणथळीचं नाव. आणि मधोमध, डोक्यावर भाताचा भारा घेऊन खळखळून हसणारी एक बाई.

"ही मी आहे," आत्या म्हणाली.

तीच होती. काही वर्षांपूर्वी पक्षी बघायला आलेल्या कुणीतरी तिचा फोटो काढला होता. काढता काढता तो माणूस कॅमेऱ्यासकट चिखलात बसला, म्हणून ती हसत होती. ते हसू आता पिशवीवर होतं.

फळ्यांवर माल लावणाऱ्या मुलीला आत्याने विचारलं, "ही बाई कोण गं?"

"असेल कुणी शेतकरी," ती मुलगी म्हणाली.

आत्याने काळा चष्मा काढला. "आता बघ नीट."

मुलीने पिशवीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. दोन-चार गिऱ्हाइकंही गोळा झाली. पण आत्याचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती मला म्हणाली, "किंमत वाच." मी वाचली. तिने पुन्हा वाचायला लावली. आम्हाला गिरणीत अख्ख्या पोत्याचं जे मिळायचं, ते इथे चार लहान पिशव्यांत वसूल होत होतं.

"घे एक," ती म्हणाली. "तोंड माझं आहे, पण पैसे दे. फुकट नको."

परत आल्यावर तिने घरीही न जाता गिरणी गाठली. मी रजा घेऊन तिला सोडायला आले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. गिरणीमालक वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. आत्याने पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

तो क्षणभर गोंधळला, मग हसला. "अरे वा, ताई! फोटो छान आलाय तुमचा. मला तो आयताच मिळाला, कुणाचा ते ठाऊक नव्हतं. तुमचं तोंड वापरलं, त्याचे पैसे देतो मी. बोला किती?"

"तोंडाचे देता. भाताचे?"

"भाताचा भाव बाजार ठरवतो, ताई. मी कोण?"

"आणि पिशवीचा?"

"तोही बाजारच."

"दोन्ही बाजारांत तुम्हीच उभे दिसता," आत्या म्हणाली.

तो रागावला नाही. त्याने तिला खर्च समजावून सांगितला. वाळवणं, कोंडा काढून सडणं, निवडणं, पिशवी, गाडी, दुकानाचा वाटा, जाहिरात. त्यातलं बरंचसं खरं असावं. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे सगळं जर तुम्ही करता, तर पिशवीवर गिरणीचा फोटो का नाही घातला?"

त्याने पिशवी मांडीवरून उचलून काट्यावर ठेवली.

"कारण गिरणीला बघून कुणी चार पैसे जास्त देत नाही. लोक पक्ष्यांपायी देतात. आणि ते पक्षी आमच्या शेतात जेवतात, मालक, तुमच्या ओसरीवर नाही. आमचं पीक घटलं ते त्यांच्यासाठी. वाढीव भावात आमचा वाटा टाका, नाहीतर या वर्षी माझ्या शेतातला एक दाणा तुमच्या दारात येणार नाही."

"नका आणू," तो शांतपणे म्हणाला. "पण वाळवणार कुठे?"

खरी मेख तिथेच होती. घरट्यांसाठी थांबायचं म्हणून लावणी उशिरा, लावणी उशिरा म्हणून कापणी उशिरा, आणि तोवर ऊन मऊ पडायचं आणि धुकं दुपारपर्यंत हटायचं नाही. ओलं भात ढीग करून ठेवलं की आतून तापतं, कुबट वास सुटतो, दाण्याला कोंब येतात. गावात कोरडी, कठीण जागा अशी नव्हतीच. सगळा चिखल. सिमेंटचं भलंमोठं अंगण फक्त गिरणीला. म्हणून कापणी झाली की चार दिवसांत भात गिरणीत, मग भाव काही का असेना.

आत्या घरोघर फिरली. लोकांनी पिशवी हातात घेऊन पाहिली, शिव्या घातल्या, तिचा फोटो बघून हसले आणि विचारलं, "पण वाळवायचं कुठे, नाहीबाई? तुझ्या डोक्यावर?" शेवटी तीन घरं तिच्या बाजूने उभी राहिली. त्यात आमचं नव्हतं.

बाबा म्हणाले, "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"माशाशीच आहे ना? मगरीशी असतं तर विचार केला असता."

"हसू नकोस. तुझं एकटीचं पोट आहे. मला घर चालवायचंय."

यावर ती पहिल्यांदाच चिडली. "एकटीचं पोट म्हणजे अर्धं पोट असतं का रे?" आणि निघून गेली. मग कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप माझ्या आईमार्फत.

कापणीला मी पुन्हा गावी गेले. खरं तर तमाशा बघायलाच गेले होते, असं म्हटलं तरी चालेल. आत्याने भात कापलं, झोडलं, पोत्यांत भरलं आणि नावेत चढवलं. त्या तीन घरांच्या नावा तिच्या मागे. नावा गिरणीकडे वळल्या नाहीत. त्या गेल्या पाणथळीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे राखीव क्षेत्राचं कार्यालय होतं. पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे नवी इमारत झाली होती, आणि इमारतीपुढे त्यांच्या गाड्या उभ्या करायला फरसबंदी अंगण. दक्षिणेकडे तोंड, सावली नाही, वारा मोकळा. पहारेकऱ्याने सकाळी फाटक उघडलं आणि आत्या पोतं घेऊन त्याच्या बगलेखालून आत शिरली.

"अहो, हे काय? कुठे?"

"इथेच," आत्या म्हणाली आणि ताडपत्री अंथरली.

अधिकारी बाई आल्या तोवर अंगण पिवळंधमक झालं होतं. त्या नव्याने बदलून आल्या होत्या. तरुण, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात दुर्बीण. त्यांनी दोन वेळा इकडून तिकडे पाहिलं.

"आजी, हे मला चालू देता येणार नाही."

"चालणार कुठे ते? पसरलेलं आहे."

पहारेकरी हसला आणि मॅडमनी बघितल्यावर खोकायला लागला.

"ही जागा पाहुण्यांच्या गाड्यांची आहे. नियम आहे."

"नियम मला ठाऊक आहेत," आत्या म्हणाली. "पिल्लं उडेपर्यंत शेतात पाय टाकू नका म्हणालात, नाही टाकला. पंप नको, विष नको, तेही ऐकलं. तुमच्या पिल्लांना मी माझं शेत दिलं ना? आता माझ्या भाताला तुमचं अंगण द्या. त्याला पंख फुटले की मीही उडते."

मॅडमनी दंडाची पावती फाडली. आत्याने ती घेतली, घडी घातली आणि ताडपत्री वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेल्या दगडाखाली सरकवली. मॅडम आत जाऊन वरिष्ठांना फोन करत बसल्या. वरिष्ठ सुट्टीवर होते.

मग पाहुणे यायला लागले. गाड्या बाहेर रस्त्यावर लावून चालत आत यायची वेळ आली, तशी काहींनी कुरकुर केली. काहींनी फोटो काढले, आणि आत्याने प्रत्येकाला विचारलं, "कुठे छापणार?" एक म्हातारे गृहस्थ मात्र बूट काढून विचारायला लागले, "मी जरा पाय फिरवू का यातून?" भात वाळताना पायाने ओढत खालीवर करावं लागतं. त्यांना ते कुठून माहीत, कोण जाणे. ते बराच वेळ, पँट वर दुमडून, भातातून फेऱ्या मारत राहिले. पक्षी त्यांनी पाहिलेच नाहीत.

पक्षी स्वतःच आले. आधी चिमण्या, मग चार-सहा बदकं रुबाबात चालत आली आणि भातावर बसली. आत्या काठी घेऊन धावली. आतून मॅडम ओरडल्या, "हाकलू नका! संरक्षित आहेत ते!"

"माझं भात खातायत!"

"इथे पक्षी हाकलणं गुन्हा आहे!"

"मग भरून द्या!"

मॅडम बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून बदकांकडे पाहत राहिल्या आणि अचानक टाळ्या वाजवू लागल्या. बदकं उडाली. "मी कुणाला हाकललं नाही," मॅडम म्हणाल्या. "मला बदकं आवडतात, म्हणून टाळ्या वाजवल्या." त्या दिवसानंतर त्यांनी दुसरी पावती फाडली नाही. परवानगीही दिली नाही.

गावात बातमी पोचली तशी आणखी नावा आल्या. आता जागेची ओढाताण सुरू झाली, भांडणं झाली, एकाचं भात दुसऱ्याच्यात मिसळलं म्हणून हमरीतुमरी झाली. आत्या सगळ्यांच्यावर आवाज काढून जागा वाटून देत होती. आणि तेव्हा बाबांची नाव आली. पोतं उतरवलं, उघडलं, आणि कुठे ओतू अशा नजरेने उभे राहिले. आत्याने पायाने आपली ताडपत्री थोडी सरकवली. "इथे ओत," ती म्हणाली. मी दुसरीकडे बघितलं, कारण बाबांचे डोळे भरले होते आणि त्यांना ते कुणी बघितलेलं आवडत नाही.

गिरणीमालक आला तो तरातरा मॅडमकडेच गेला. "हे काय चालू दिलंय तुम्ही? शहरातल्या दुकानाची गाडी भरायचीय मला. माझ्या अंगणात कुत्रं फिरत नाहीये."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या पिशवीवर या क्षेत्राचं नाव छापता, त्याला दरवर्षी आमची सही लागते. बरोबर?"

"हो, ती तर नेहमीची..."

"इथल्या शेतकऱ्यांना फायदा पोचत असेल तरच द्यायची, असं आमच्या नियमात आहे. आजवर कुणी विचारलं नाही. मी विचारतेय." त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. "यांनी हो म्हटलं की मी सही करते."

गिरणीमालक काही मूर्ख नव्हता. बाहेरचं स्वस्त भात त्या पिशवीत भरता आलं असतं, पण नावाशिवाय त्या पिशवीची किंमत कागदाइतकीच होती. तिथेच, भाताच्या कडेला उभं राहून, बोलाचाली झाली. दुपार कलेपर्यंत चालली. आत्याने मागितलं तेवढं मिळालं नाही. पण भाव चांगलाच वर चढला, ओल हाताने नाही, यंत्राने मोजून कपात सगळ्यांसमोर करायची ठरली, आणि पिशवीचा भाव वाढला तर भाताचाही वाढेल, असं तो चारचौघांत बोलला. लोकांनी हो म्हटलं. नावा पुन्हा भरायला लागल्या, या वेळी गिरणीसाठी.

आत्या आपली पोती शिवत बसली.

"तुमची कधी आणता, ताई?" गिरणीमालकाने विचारलं.

"माझी नाही येणार."

"अहो, पण भाव तर दिला!"

"त्यांना भाव दिलात, ते भात देतील. माझं तोंड तुम्ही न विचारता नेलंत. भात तरी मी सांगेन तिथे जाईल."

बाबांनी कपाळावर हात मारला. "अगं, सगळं तू केलंस आणि आता तूच..."

"मी कुणासाठी केलं नाही. मला पटलं नाही म्हणून केलं."

तेव्हापासून ती आपलं भात नदीपलीकडच्या एका लहान गिरणीत सडून आणते आणि साध्या कापडी पिशव्यांत विकते. त्या बूट काढणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ओळखीची काही घरं लावून दिली, काही माझ्या दवाखान्यातली. कधी सगळं खपतं, कधी पिशव्या अंगावर पडतात आणि आम्ही सगळे वर्षभर तोच तांदूळ खातो. हिशेब केला तर तिने गावाला मिळवून दिलेला भाव तिला स्वतःला बऱ्याच वर्षी मिळत नाही. बाबा तिला हे दर कापणीला ऐकवतात. ती म्हणते, "तुला मिळतो ना? मग गप बस."

पुढच्या वर्षी कापणीआधीच ती कार्यालयात गेली आणि मॅडमसमोर पैसे ठेवले. "मागचा दंड हा. आणि हा या वर्षीचा."

"या वर्षीचा कसला? अजून तुम्ही काही केलंच नाही."

"करणार आहे."

"आगाऊ दंड घेता येत नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. मागच्या दंडाची रीतसर पावती त्यांनी दिली, आणि मग महिनाभर कुणाकुणाला फोन करून शेवटी अंगणाच्या फाटकावर पाटी लावली: कापणीच्या दिवसांत गाड्या बाहेर लावाव्यात. मॅडमची नंतर बदली झाली. पाटी अजून आहे.

गेल्या वर्षी सरकारची नवी योजना आली. शेत पडीक ठेवा, पक्ष्यांना सोडा, वर्षाला पैसे घ्या. या वेळी पैसे बरे होते. सभेत समजावून सांगणारे साहेबही भले होते, खोटं काही बोलले नाहीत. बऱ्याच म्हाताऱ्या लोकांनी सह्या केल्या आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. कंबर वाकली की चिखल कुणाला हवासा वाटतो? आत्याचीही वाकलीय. साहेबांनी तिला विचारलं, "आजी, तुम्हाला घरबसल्या पैसे मिळतायत. नाही का म्हणता?"

"घरी बसून काय करू?" ती म्हणाली. "आणि मी गेल्यावर कुणाला शेती करायची असली, तर लव्हाळ्यातून शेत परत कोण काढणार? तुम्ही?"

साहेब प्रामाणिक होते. "मी नाही," ते म्हणाले.

शेजारचं एक कुटुंब सही करून शहराकडे जायच्या बेतात होतं. सभेतून उठून आत्या थेट त्यांच्या घरी गेली आणि त्यांचा तुकडा स्वतः कसायला खंडाने मागितला, सरकार देतं त्याहून थोडं जास्त देऊन. बाबांनी हे ऐकलं आणि जेवता जेवता उठले. आईने त्यांना खाली बसवलं.

या वर्षीच्या लावणीला मी रजा काढून गेले होते. आत्या आता दोन शेतांत आहे. एका हाताने काठी टेकते, दुसऱ्याने रोप खोचते, आणि काठी चिखलात रुतली की तिलाच शिव्या देते. बाबा तिच्या पुढच्या ओळीत वाकलेले होते, कुरकुरत, पण तिच्याआधी उतरलेले. मी एक जुडी उचलली आणि रोपं लावायला लागले.

"खोल लावतेस," आत्या मागून ओरडली. "बुडवून मारशील त्यांना. वर काढ, सगळी ओळ वर काढ!"

मी सगळी ओळ उपटली आणि परत पहिल्यापासून लावायला घेतली.